ओळखीचा कावळा

आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चिकनच्या काउंटरसमोरची रांग एकाएकी नाहीशी झाली, की मी समजते, पितृपंधरवडा आला. मांसाहार वर्ज्य असलेला तमिळ पुरट्टासी महिना लागतो आणि एरवी बिर्याणीसाठी ढकलाढकली करणारी माणसं सांबारभाताच्या रांगेत शहाण्यासारखी उभी राहतात. आपला भाद्रपद आणि त्यांचा पुरट्टासी पुढेमागे चालतात, पण माझ्यासाठी एवढी खूण पुरते. पंचांग बघणारी आई होती, मी नव्हे.

यंदाही परवा ती रांग अशीच गायब झाली. ताट घेऊन मी तिथेच उभी राहिले आणि नाकात आमसुलाच्या चटणीचा वास आला. कॅन्टीनमध्ये आमसूल कुठलं? पण वास खराच आला. सात वर्षांपूर्वीचा पंधरवडा आठवायला एवढं निमित्त पुरलं.

मी चेन्नईत अंबत्तूरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. एखादा भाग नापास झाला, की पाच वेळा ‘असं का झालं’ विचारायचं, ही आमच्या कामाची रीत. पहिलं उत्तर सहसा खरं नसतं, असं आम्ही नव्या पोरांना शिकवतो. ही खोड मग घरीही सुटत नाही. आई म्हणायची, “हिला देव भेटला तरी ही आधी विचारील, उशीर का झाला?”

बाबा मिरजेला पोस्टात होते. मिरज सोडून त्यांना कुठेच करमायचं नाही. पुण्याला लग्नाला गेले, तरी अक्षता पडल्या की परतीची गाडी बघायचे. ते गेले तेव्हा दहाव्याला कृष्णेकाठी पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. झाडावर पाचसहा बसलेले, पण खाली एकही येईना. चुलतभावानं देवाधर्माची आश्वासनं देऊन पाहिली, गुरुजींनी घड्याळ पाहिलं. शेवटी मी पुढे झाले आणि म्हणाले, “बाबा, आईला मी एकटी ठेवणार नाही.” कावळा उतरला. का उतरला, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. आयुष्यात एवढा एकच ‘का’ मी सोडून दिला असेन.

आईचं खुब्याचं हाड एकदा मोडून बसलेलं होतं. एकटीनं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा वचन आणि वैद्यकीय सल्ला असे दोन्ही हातात घेऊन मी तिला चेन्नईला आणलं.

नुंगंबाक्कमच्या एका आतल्या गल्लीत आमची तीन मजली इमारत. तळमजल्यावर स्टेला टीचर, मधे आम्ही, आमच्या वर रुक्मा आत्या, नात्यातल्या नव्हेत, सगळी इमारतच त्यांना आत्या म्हणते, आणि त्यावर गच्ची. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात आई आणि मी रिक्षातून चाललो होतो, तर समोरून ढोल वाजवत, नाचत, फटाके उडवत मिरवणूक आली. रस्ताभर गुलाबाच्या आणि शेवंतीच्या पाकळ्या. आईचा चेहरा खुलला. “लग्न दिसतंय. नवरा कुठाय गं?” नवरा नव्हताच. फुलांनी सजवलेल्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ आडवे होते, आणि त्यांचे नातू घाम गाळून नाचत होते. आईनं हात जोडले. घरी परतल्यावर जिन्यात म्हणाली, “ह्यांना असं नाचत पाठवलं असतं, तर ते उठून बसले असते आणि म्हणाले असते, आवाज कमी करा.” त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

भिंतींवरच्या पत्रकांचंही तसंच. हार घातलेला फोटो, खाली मोठी मोठी अक्षरं. मिरजेत चौकाचौकात वाढदिवसाचे फलक लागतात, त्यामुळे आईला वाटलं, इथंही कुणाकुणाचा वाढदिवस आहे. ती श्रद्धांजलीची पत्रकं होती. महिनाभर ती त्या लोकांना मनातल्या मनात शतायुषी व्हा म्हणत होती, हे नंतर कळलं.

वर्षश्राद्ध मिरजेला पार पडलं आणि मग तो भाद्रपद आला. बाबांची तिथी षष्ठी. महालयाचा विधी चुलतभाऊ तिकडे करणार, इकडे आम्ही फक्त स्वयंपाक करून कावळ्याचं पान ठेवायचं, असं ठरलं. आई पहाटेपासून ओट्याशी. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, भोपळ्याची भाजी, गवार, मिरजेहून आलेल्या आमसुलांची चटणी. साडेबाराला मी केळीचं पान घेऊन गच्चीत गेले. चेन्नईचं सप्टेंबरातलं ऊन म्हणजे आपल्याकडचं मे महिन्यातलं, वर घामाची चिकचिक. गच्चीची फरशी चपलेतूनही पोळत होती.

एक वाजला, दीड वाजला. कावळे होते. समोरच्या पाण्याच्या टाकीवर चांगले सात-आठ बसले होते, एकमेकांची पिसं साफ करत. आमच्या पानाकडे एकानं मान वाकडी करून पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. अडीचपर्यंत मी उभी होते. मला अर्धशिशी आहे, ऊन लागलं की कपाळाच्या एका बाजूला घण बसतात. खाली आले ती थेट मोरीत जाऊन ओकले. आई पाठीवर हात फिरवत होती. संध्याकाळी तिनं ते पान आवरलं आणि म्हणाली, “मनू, माझं मिरजेचं तिकीट काढ.”

“आई, काहीतरीच काय?”

“त्यांना पटलेलं नाही. मला इथं आणलेलं त्यांना पटलेलं नाही. मी घरी जाते.”

“तू एकटी तिथं कशी राहशील?”

“बायका राहत नाहीत का? अमावस्येपर्यंत थांबते. सर्वपित्रीला पान ठेवू. नाहीच शिवला, तर मी जाणार.”

माझ्या हातात नऊ दिवस होते. एकीकडे आईचं हाड, एकीकडे बाबांचा रुसवा, आणि मधे एक पक्षी. मी जे करता येतं तेच केलं. कारण शोधायला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गच्चीवर गेले, तर उत्तर कठड्यावरच मांडलेलं होतं. रुक्मा आत्या भाताचा गोळा ठेवून ‘का, का’ करून हाका मारत होत्या आणि कावळे शाळेतल्या मुलांसारखे येत होते. शेजारच्या गच्चीवर भात, पलीकडच्या गॅलरीत भात, समोर पत्र्यावर इडलीचे तुकडे. इथं घरोघरी आधी कावळा जेवतो, मग माणसं. रोज. कावळ्याच्या रूपानं आपलेच वाडवडील येतात, असं मानतात.

रुक्मा आत्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. सात पिढ्यांपूर्वीची मराठी त्यांच्या तोंडी तशीच राहिली होती, तीत तमिळ मिसळून. आई म्हणायची, त्या बोलायला लागल्या की कुणीतरी बखर वाचून दाखवतंय असं वाटतं. मी त्यांना घडलेलं सांगितलं. त्यांनी डोळे मोठे केले.

“अय्यो! कावळा आला नाहीं म्हणून वैनी हा ऊर, हें गांव सोडून जाणार? ह्या कावळ्यांचें अस्कें, अवघें पोट मीच भरतें की!”

मी विजयी मुद्रेनं खाली आले. “आई, कारण सापडलं. इथले कावळे सकाळीच जेवून बसलेले असतात. बाबांचा काही संबंध नाही.”

आई भेंडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “भूक लागली म्हणून येतो, तो कावळा. पोट भरलेलं असूनही येतो, ते तुझे बाबा.”

आमच्या कंपनीत असं उत्तर कुणी दिलं असतं, तर मी त्याला बढती दिली असती. माझं मूळ कारण तिथंच संपलं.

मग मी भेटेल त्याला विचारत सुटले. तुमच्यातली गेलेली माणसं येतात का? कशी येतात? न आली तर काय करता? माणसं अशा प्रश्नाला बिचकतील असं मला वाटलं होतं, पण कुणी बिचकलं नाही. उलट, हे आजवर कुणी विचारलंच नाही, अशा घाईनं सांगायला लागत.

आमच्या टूलरूममधले रहमतभाई जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, “उनों कुछ नै मांगते, मॅडम. उनकी मांगने की बारी खतम. अब हमनाच उनके वास्ते मांगना.” शबे-बरातला ते कबरस्तानात जातात, उदबत्ती लावतात, फातिहा पढतात. गेलेले कयामतीची वाट पाहत पडून असतात. रुसायला त्यांना सवड कुठली? मला हे फार आवडलं. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या इच्छा जिवंतपणीपेक्षा वाढतात, आणि रहमतभाईंकडे त्या संपतात.

स्टेला टीचर नोव्हेंबराची वाट बघत होत्या. दोन तारखेला त्या नवऱ्याचं थडगं धुतात, फुलांनी भरतात, मेणबत्त्या लावतात आणि शेजारी बसून वर्षभराच्या बातम्या सांगतात. कोण पास झालं, कुणाचं लग्न मोडलं, पाण्याचा टँकर कितीदा आला नाही. “ते येत नाहीत, मी जाते,” त्या म्हणाल्या. “त्याच थडग्यात माझी जागा आहे. इथं जागा कमी, म्हणून तेच पुन्हा उघडतात. संसारात एवढीशी खोली होती, नंतरही तेवढीच.” आणि त्या खुदकन हसल्या. त्यांच्या हसण्यात दुःख नव्हतं असं नाही, पण भीती नव्हती.

तेव्हा जपानहून तानाका नावाचे इंजिनिअर मशिन लावून द्यायला आले होते. त्यांनी तर तपासणीच्या कागदामागे चित्रच काढलं. काकडीला चार काड्या टोचून घोडा, वांग्याला चार काड्या टोचून बैल. उन्हाळ्यात त्यांचे पूर्वज घरी येतात. येताना लवकर यावेत म्हणून घोडा, आणि परत जाताना सावकाश जावेत म्हणून बैल. तो कागद मी आईला दाखवला. तिनं तो उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिला.

“येताना घाई, जाताना सावकाश,” ती म्हणाली. “शहाणी माणसं आहेत. श्राद्धाला वांगं चालत नाही, नाहीतर मीही केला असता बैल.”

त्या नऊ दिवसांत मला एक गोष्ट दिसली, ती अजून पुरती कळलेली नाही. मेल्यावर काय होतं, ह्याबद्दल प्रत्येकाचं सांगणं वेगळं होतं. एकमेकांशी ताडून पाहिलं तर सगळेच नापास. पण कुणाचंही सांगणं ताट, पाणी, दिवा, फुलं, ह्यांच्या पुढे जात नव्हतं. स्वर्गाचं वर्णन विचारलं की सगळे अडखळायचे, आणि आपण त्या दिवशी काय करतो हे विचारलं की घडाघडा बोलायचे. आपल्याला फक्त आपल्या बाजूचं दार माहीत असतं बहुतेक. पलीकडे कुणी उभं आहे का, हे कुणीच पाहिलेलं नाही.

अमावस्या उजाडली आणि माझं धाबं दणाणलं. महालय अमावस्येला सगळी चेन्नई पितरांना जेवू घालते. एरवी भात घालणारे त्या दिवशी वडे, पायसम, कच्च्या केळ्याची भाजी घालतात. त्या दिवशी इथला कावळा म्हणजे लग्नसराईतला भटजी. त्याला आमच्या पानाची काय पडलेली?

सकाळी रुक्मा आत्यांचा कठडा मोकळा दिसला. गेल्या असतील कुणा नातलगाकडे, असं मला वाटलं. साडेबाराला आई स्वतः काठी टेकत गच्चीत आली. मला तिनं सावलीत, जिन्याच्या दारात उभं केलं आणि आपण पदर डोक्यावर घेऊन उन्हात थांबली. एक वाजला. दीड वाजला. टाकीवरचे कावळे सुस्त. आईचे ओठ हलत होते. ती बाबांशी भांडत होती की विनवत होती, कोण जाणे. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी तोंडात घास घालायचा नाही, हा तिचा नियम. मला भूक नव्हतीच. तिची बॅग भरलेली होती, आणि ती खरंच गेली असती.

दोन वाजायला आले, तेव्हा मागे जिन्यात काहीतरी धपकन वाजलं. बघते तर रुक्मा आत्या वरून तिसऱ्या पायरीवर बसलेल्या, भिंतीला टेकून, हात थरथरत होते. त्यांना साखरेचा आजार.

“आत्या! काय झालं?”

“कांहीं नाहीं. कावळा आला काय?”

“नाही अजून. तुम्ही जेवलात ना?”

आई तोवर दारापाशी आली होती. आत्या तिच्याकडे बघून अपराध्यासारख्या म्हणाल्या, “रोज मी घालतें, त्यांचें पोट भरतें, मग तुमच्या पानावर कशास येतील? म्हणून आज घातलें नाहीं. आणि कावळा जेवल्याशिवाय मी कशी जेवूं? तुमचे यजमान, पावम, बिचारे, इतक्या दुरून आलेले.”

आईचा आवाज चढला, मिरजेतल्या घरातला जुना आवाज. “मनू, उभी काय राहिलीस? साखरपाणी आण. आणि खाली दोन पानं मांड.”

“आई, पण कावळा...”

“येईल तेव्हा येईल. दारातलं माणूस उपाशी ठेवलं, तर मी ह्यांना काय तोंड दाखवू? भरदुपारी पत्र घेऊन आलेल्या पोस्टमनला हे जेवल्याशिवाय जाऊ देत नव्हते.”

रुक्मा आत्या नको नको म्हणत होत्या. आईनं त्यांना हाताला धरून खाली नेलं, पाटावर बसवलं, खिरीची वाटी पुढे ठेवली आणि समोर आपण बसली. दोघींनी आपापला नियम मोडला. आत्यांनी आमसुलाची चटणी बोटानं चाटली आणि म्हणाल्या, “हें बेस आहे.” आईनं त्यांना दोनदा वाढली.

तास-दीड तासानं मी वर गेले. पान विस्कटलेलं होतं. वडा नव्हता, खीर सांडलेली, भाताची शितं फरशीभर. कावळ्यानं खाल्लं की खारीनं, की शेजारच्या मांजरानं, कुणी पाहिलं नव्हतं. मी तसंच आईला सांगितलं, कारण खोटा अहवाल मला देता येत नाही.

“असू दे,” आई म्हणाली. “रुसले असते, तर त्यांनी रुक्माबाईंना पाठवलं नसतं.”

“तिकिटाचं काय करू?”

“राहू दे आता.”

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवसापासून आई सकाळी सातला गच्चीवर जायला लागली. एक एक पायरी, काठी टेकत, हातात भाताचा गोळा. पहिले काही दिवस तिचा भात उन्हात वाळून जायचा. आत्या म्हणायच्या, “वर्षांतून एकदां बोलावलें तर परका पाहुणाही येत नाहीं, वैनी. रोज घाला.” महिन्याभरानं एक लंगडा कावळा यायला लागला, मग त्याची मंडळी. पुढे त्यांची पिल्लंही यायला लागली. नोव्हेंबर-डिसेंबरच्या धो-धो पावसातही ती छत्री घेऊन जायची. मी ओरडायचे, पडशील म्हणायचे. एकदा चिडून विचारलंच, “रोज कशाला हा उपद्व्याप? बाबांची तिथी वर्षातून एकदाच येते ना?”

“ओळख करून ठेवतेय,” ती म्हणाली.

मला वाटलं, या शहराशी. वाटलं, म्हातारपणी नवी जागा अशीच आपलीशी करत असतील. मला ते उत्तर पटलं आणि मी पुढे काही विचारलं नाही.

आई गेली त्याला या श्रावणात वर्ष झालं. दहावा इथंच समुद्रकाठी केला. तिथल्या कावळ्यांना पिंडांची सवयच असते, पाच मिनिटांत काम झालं. त्यानंतर गच्चीत भात घालायला मी गेले, नाही गेले असंच चाललं होतं. आठवड्यातून एकदोनदा, तेही उरलेली पोळी.

काल आईची पहिली महालयाची तिथी होती. मी पूर्ण दिवसाची रजा टाकली होती. डोकेदुखीची गोळी घेतली, टोपी घातली, पाण्याची बाटली आणि छत्री काखेत मारली. आईच्या इच्छा काय राहिल्या असतील त्याची मनात यादी केली होती, एकेक कबूल करत जायचं म्हणून. साडेबाराला पान घेऊन गच्चीचं दार उघडलं. कठड्यावर ते ओळीनं बसलेच होते. मी वाकले, आणि पान फरशीला टेकायच्या आत लंगडा कावळा माझ्या हाताशेजारी उतरला. त्यानं वडा उचलला. मागून बाकीचे आले. मला छत्रीसुद्धा उघडावी लागली नाही.

मी खाली आले. रुक्मा आत्यांना आता जिना चढवत नाही, त्या दारातच खुर्ची टाकून बसलेल्या असतात. माझ्या हातातली छत्री बघून त्या हसल्या.

“आला काय?”

“पान ठेवायच्या आधीच आला, आत्या.”

“येणारच. इतकीं वर्षें वैनी ह्याचसाठीं घालत होती की.” त्यांनी मला जवळ बसवलं आणि माझ्या कपाळावर हात ठेवला, दुखतं त्या बाजूला. “मजला सांगत होती, मी गेल्यावर मनूस उन्हांत उभें राहावें लागूं नये.”